नाशकात नव्याने आलात? मुलांना घातक रसायनांपासून जपणारे कायदे आणि ते वापरायची रीत

अंबड-सातपूरच्या कारखान्यात नोकरीला लागलेलं कुटुंब, छाटणीच्या हंगामात सुरगाणा-पेठहून निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरलेलं कुटुंब, पंचवटीतल्या जुन्या वाड्यात भाड्याने आलेलं कुटुंब, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलेलं कुटुंब. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. पण घरात लहान मूल असेल तर सगळ्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी. रंगातलं शिसं, बागेत फवारायचं विषारी औषध, बोअरचं पाणी आणि कारखान्याचा धूर यांपासून मुलाला वाचवणारा कायदा कोणता, आणि तो कुणाच्या दारात जाऊन मागायचा? शाळा, गॅस आणि भाडेकरार यांची माहिती शेजारी देतात. ही माहिती सहसा कुणी देत नाही.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. या कायद्यांचा मोठा भाग डब्यावर, लेबलवर आणि बिलावर छापलेला असतो. तिथे तो वाचता आला, तर सरकारी कचेरीत जायची वेळ बऱ्याचदा येतच नाही. आणि आलीच, तर तुम्ही हातात पुरावा घेऊन जाता.

आधी एवढं समजून घ्या

अमेरिकेत वॉशिंग्टन आणि मेन या राज्यांनी २००८ मध्ये मुलांच्या वापरातल्या वस्तूंमधल्या घातक रसायनांसाठी स्वतंत्र राज्य कायदे केले. आपल्याकडे मुलांसाठी असा एकच कायदा नाही. रंगाचा नियम वेगळा, खेळण्यांचा आदेश वेगळा, कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, अन्नसुरक्षेचा २००६ चा, पाण्याच्या प्रदूषणाचा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. कायदे बहुतेक दिल्लीचे, अंमल राज्याचा आणि प्रत्यक्ष तपासायला येणारा माणूस आपल्या जिल्ह्याचा. म्हणून "कायदा आहे का?" यापेक्षा "कुणाच्या अखत्यारीत येतं?" हा प्रश्न जास्त कामाचा.

राज्याच्या हातात काय असतं, याचं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर राज्य सरकारने कीटकनाशक कायद्यातला अधिकार वापरून विदर्भातल्या काही जिल्ह्यांत काही कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी बंद केली होती. मनात आणलं तर राज्य पाऊल उचलू शकतं, पण त्यासाठी विषबाधेच्या घटना कागदावर याव्या लागतात. नोंद न झालेली विषबाधा सरकारच्या लेखी घडलेलीच नसते.

आणि मुलांसाठीच वेगळा विचार का? मूल रांगतं, हात तोंडात घालतं, जमिनीलगतची धूळ आत घेतं. वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतं, जास्त पाणी पितं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही. युनिसेफने २०२० मध्ये काढलेल्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला होता. यातल्या बहुतेक मुलांना ना ताप येतो ना पोट दुखतं. नुकसान अभ्यासात, लक्षात आणि वागण्यात दिसतं, आणि घरचे समजतात, पोरगं हट्टी आहे.

पायरी १: भिंत, पाळणा आणि खेळणं

घराच्या आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं, असा केंद्राचा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख असायला हवा. रंगाच्या दुकानात गेलात की डबा फिरवून तेवढी ओळ शोधा. सापडली नाही तर दुसरा डबा मागा.

खरी अडचण भिंतीच्या रंगात नाही, लोखंडाच्या रंगात आहे. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंग त्याच्या बाहेर राहतात. फॅब्रिकेशनवाला तुमच्या गॅलरीच्या जाळीला, मुलाच्या लोखंडी कॉटला किंवा शाळेतल्या घसरगुंडीला कुठला रंग लावतो, ते सहसा कुणी विचारत नाही. झगझगीत पिवळा आणि नारिंगी रंग बऱ्याचदा शिशाच्या क्रोमेटपासून येतो. प्राइमरचंही तसंच. 'रेड ऑक्साइड' लोहाचं असतं, 'रेड लेड' शिशाचं. दिसायला दोन्ही तांबूस-नारिंगी, नावं जवळजवळ सारखी. कारागिराला स्पष्ट सांगा, "रेड लेड नको, आणि वरचा रंग घरगुती वापराचाच हवा." मूल कॉटचा कठडा चावतं, भिंत चावत नाही.

जुन्या वाड्यात राहत असाल आणि मालक रंगकाम काढत असेल, तर कोरडं खरवडू देऊ नका. पृष्ठभाग ओला करून घासायला सांगा, काम चालू असेपर्यंत मुलांना दुसरीकडे ठेवा आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. शाळेतल्या बाकांबद्दल आणि खेळण्याच्या साहित्याबद्दल बोलायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत ती असतेच आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. "रंगकामासाठी फक्त ९० पीपीएमच्या आतला रंग वापरावा" एवढा ठराव तिथे मांडता येतो. त्याला पैसा लागत नाही.

खेळण्यांचं सोपं आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याच्या मानकात जड धातू आणि प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायनं यांच्या मर्यादा आहेत. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला सूट आहे. चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते कळतं. खोटा निघाला तर तक्रारही त्याच ॲपमधून होते. शालिमार, मेन रोडच्या फुटपाथवर वजनावर मिळणाऱ्या खेळण्यांवर हे चिन्ह क्वचित दिसतं. तोंडात घालायच्या वयाच्या मुलासाठी तिथून काही घेऊ नका, पाच वर्षांच्या पुढच्याचं मग बघता येईल.

पायरी २: स्वयंपाकघर आणि देवघर

वडापाव, भजी, पोहे वर्तमानपत्रात बांधून देऊ नयेत, असा अन्न पॅकेजिंगचा २०१८ चा नियम आहे. छपाईची शाई गरम तेलात उतरते. हातगाडीवाल्याशी भांडायची गरज नाही, आपला डबा पुढे करा.

आंबा, केळी कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूने, १०० पीपीएमच्या आत, परवानगी आहे. फळांच्या पेटीत राखाडी भुकटीची पुडी दिसली की फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवा. सुट्या हळदीला जास्त पिवळेपणा यावा म्हणून शिशाचं क्रोमेट घातल्याचे प्रकार देशात सापडले आहेत, त्यामुळे लहान मुलांच्या घरात हळद एकतर हळकुंड आणून दळलेली, नाहीतर पाकिटबंद परवानाधारक बरी.

अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० बद्दल बहुतेकांना माहीतच नसतं. साध्या ग्राहकालाही विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडे शुल्क भरून तपासून घेता येतो. अट एकच, खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. नमुना नियमात बसला नाही तर शुल्क परत मिळतं. "मी हे तपासायला देणार आहे" हे वाक्य दुकानात नुसतं उच्चारलं तरी समोरचा माल बदलल्याचं दिसतं.

भांड्यांबाबत जुन्या नाशकात एक चांगली सोय अजून टिकून आहे, ती कल्हईवाल्यांची. पितळी भांड्याला कल्हई लावून घ्याल तेव्हा कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारा. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांतूनही शिसं अन्नात उतरू शकतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये स्वयंपाकाच्या भांड्यांतल्या शिशावर कायदा केला, त्यामागे अशाच भांड्यांच्या तपासण्या होत्या. आपल्याकडे स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्हाचा आदेश २०२४ मध्ये निघाला. बाळाचं जेवण शिजवायच्या भांड्यापुरतं तरी हे चिन्ह बघून घ्या. दुधाच्या बाटलीवर बीपीए (कडक प्लॅस्टिकमधलं एक रसायन) नसल्याचा उल्लेख पाहा. भारतीय मानकाप्रमाणे बाळाच्या बाटलीत ते चालत नाही.

सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्याने मनाई आहे. तरीही बाळाच्या डोळ्यांत सुट्या पुडीतला सुरमा घालू नका. काही सुरमे म्हणजे शिशाचा दगडच कुटलेला असतो. आजीचा आग्रह असेल तर तीट कानामागे लावा.

पायरी ३: द्राक्षबाग आणि औषध

या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नाशिक जिल्ह्यात मुलांचा घातक रसायनाशी सगळ्यात जवळून संबंध इथेच येतो. ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते माणसाची त्वचा भाजतं, डोळ्यांना फार वाईट. मग डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या, बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद (तांब्याचं विषारी संयुग), घडांना जीए हे वाढीचं संप्रेरक. बाग ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारली जाते आणि तुषार वाऱ्याबरोबर बांधावरच्या झोपडीपर्यंत जातात. त्याच झोपडीत मजुरांची मुलं असतात.

निर्यातीच्या द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत जातो, रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, मोजला जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून बागायतदार फवारणीची तारीख आणि काढणीचे दिवस डोळ्यांत तेल घालून पाळतात. म्हणजे काळजी घेणं जमतं. त्याच बागेच्या कडेला झोळीत झोपलेल्या बाळासाठीही ती घेतली गेली पाहिजे, एवढंच मागणं आहे.

बाटली कशी वाचायची ते पाहा. कीटकनाशकाच्या लेबलवर चौकटच्या पत्त्यासारखा, कोपऱ्यावर उभा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी. लाल आणि पिवळ्याच्या वर 'विष' असा इशारा असतो आणि लालवर कवटीचं चिन्हही. निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान'. मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना छापलेली असते. हिरवा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, हे वर्गीकरण मोठ्या माणसाच्या हाताळणीसाठी आहे, दोन वर्षांच्या मुलासाठी नाही.

बाटलीसोबत माहितीपत्रक मिळणं तुमचा हक्क आहे. त्यात प्रादेशिक भाषेत वापर, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असतो. विक्रेत्याकडे परवाना हवा, आणि पक्कं बिल, ज्यावर बॅच क्रमांक असतो, मागून घ्या. सुटं औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून देणारा विक्रेता कायदा मोडतो. तशी बाटली घरात आणूच नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत मध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. विषाची आणि अन्नाची भांडी एकत्र आली की काय होतं, हे पुन्हा कुणाला सांगावं लागू नये.

रिकामे डबे पुन्हा वापरू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असं कीटकनाशक नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्यक्षात ते डबे धुऊन पाणी भरायला, शौचाला न्यायला, मुलांना खेळायला दिले जातात. भोकं पाडायला एक खिळा पुरतो. मोरचूद निळं आणि चकाकणारं असतं, मुलाला ते खडीसाखरेसारखं वाटू शकतं. ते कुलपातच हवं.

कामाला बोलावणाऱ्या मालकाशी ठरवताना मजुरीसोबत या गोष्टीही ठरवून घ्या. झोपडी फवारणीच्या माऱ्यापासून लांब हवी. फवारणीचा दिवस आदल्या संध्याकाळी सांगितला पाहिजे. हात धुवायला वेगळं पाणी आणि साबण हवा. आणि फवारणीच्या दिवशी मुलांनी अंगणवाडीत किंवा शाळेत असावं. हंगामापुरत्या आलेल्या मुलालाही गावातल्या अंगणवाडीत नोंद करता येते. शाळाही कागदपत्रं नाहीत म्हणून किंवा वर्ष अर्धं झालं म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे.

मुलांना कामाला लावणं हा वेगळा गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही नोकरीला ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्यांना धोकादायक कामात घेता येत नाही. शाळा सुटल्यावर स्वतःच्या घरच्या शेतात हातभार लावायची मुभा आहे, पण तीही धोक्याच्या कामाला नाही, आणि दुसऱ्याची बाग म्हणजे घरचं शेत नव्हे. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कुणीही कळवू शकतं.

पायरी ४: विष पोटात गेलं किंवा अंगावर उडालं तर

उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तेल काही पाजू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाच्या भरपूर पाण्याने अंग धुवा, डोळे साध्या वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. डबा किंवा लेबल सोबत घ्या, कारण डॉक्टरांचा निम्मा वेळ "काय घेतलं?" शोधण्यात जातो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ वर चोवीस तास उत्तर देतं. तुमचे डॉक्टरही तिथे विचारू शकतात.

रुग्णालयात केसपेपरवर औषधाचं नाव आणि "फवारणीमुळे" किंवा "चुकून प्यायल्यामुळे" असं कारण लिहून घ्या. पोलिसांकडे नोंद होते म्हणून घाबरू नका, ती नोंद पुढे मदतीसाठी लागते. मग कृषी विभागाला, म्हणजे तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला, लेखी कळवा.

पायरी ५: पाणी

नाशिक महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, जोडीला मुकणे आणि दारणा. नळाच्या पाण्याची तपासणी पालिका करते. सोसायटीची बोअर आणि टँकर यांची मात्र कुणी करत नाही, ती तुम्ही करून घ्यायची.

गावात राहत असाल तर बागायत भागातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट पाहा. खतं आणि शेणखताचा अंश जमिनीतून खाली झिरपतो. भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. हे पाणी उकळून उपयोग नाही, उलट नायट्रेट घट्ट होतं. बाळ आईच्या दुधावर असणं हाच सगळ्यात चांगला उपाय.

तपासणीसाठी ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाला भेटा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना जातो. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या स्थितीवरून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठलं, हे ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर त्याच सभेत कारण लिहून घ्या.

पायरी ६: कारखाना, भंगार आणि धूर

प्लेटिंग, बॅटरी, रंग, रबर अशा कामावर असाल तर कामाचे कपडे तिथेच बदला, निदान घरी वेगळ्या बादलीत धुवा. शिशाची, क्रोमची धूळ कपड्यांवरून मुलाच्या अंथरुणात येते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे परत जायला हवी. गल्लीत कुणी बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत असेल, तर ती तक्रार सगळ्यात आधी करा. त्या मातीत खेळणाऱ्या मुलांचं नुकसान भरून येत नाही. अशा ठिकाणाजवळ राहिलेल्या मुलाची रक्तातल्या शिशाची तपासणी डॉक्टरांना सांगून करून घ्या, आणि सोबत हिमोग्लोबिनही, कारण लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं.

हवेसाठी नाशिक राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातलं शहर आहे, म्हणजे इथली हवा ठरलेल्या मानकांत बसत नव्हती म्हणूनच ते यादीत आलं. गंगापूर रोडच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर दिसतात. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची दिवसाची मर्यादा घनमीटर हवेला ६० मायक्रोग्रॅम. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणे पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार. महापालिकेच्या विभागीय कार्यालयातल्या स्वच्छता निरीक्षकाला जागेचा फोटो आणि वेळ पाठवा.

मोठ्या अपघाताचीही तयारी हवी. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्यात लागलेली आग जिल्ह्याने पाहिली. ठरावीक प्रमाणाहून जास्त घातक रसायन साठवणाऱ्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना धोक्याची आणि काय करायचं याची माहिती दिली पाहिजे, हे १९८९ च्या नियमांत आहे. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती गटाचे प्रमुख असतात. तुमची वस्ती किंवा शाळा अशा कारखान्याशेजारी असेल, तर आपत्कालीन आराखड्यात तिचं नाव आहे का, ते विचारा. वायू सुटला तर मुलांना ओलं फडकं नाकावर धरायला लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडा.

पायरी ७: तक्रार कशी लिहायची

कारखान्याचा धूर, सांडपाणी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, उद्योग भवन, त्र्यंबक रोड, सातपूर. कीटकनाशक असेल तर कृषी अधिकारी. खाण्याचा पदार्थ किंवा सौंदर्यप्रसाधन असेल तर अन्न व औषध प्रशासन. बालमजुरीसाठी १०९८ आणि कामगार उपायुक्त. कुठलं कार्यालय ते कळलंच नाही, तर 'आपले सरकार' पोर्टलवर टाका, तिथून ती फिरवली जाते.

अर्ज लांबलचक नको. असा पुरे:

"प्रति, प्रादेशिक अधिकारी. विषय: (कारखान्याचं नाव व प्लॉट क्रमांक) येथून रात्री निघणारा उग्र वासाचा धूर. आमच्या वस्तीत (तारीख) पासून रात्री ११ ते २ या वेळेत धूर येतो. शेजारी अंगणवाडी असून तिथे सहा वर्षांखालची मुलं असतात. सोबत तारीखवार नोंद, फोटो आणि दवाखान्याचे कागद जोडले आहेत. कृपया रात्रीच्या वेळी तपासणी करून अहवालाची प्रत द्यावी."

यात शेवटच्या वाक्याला फार वजन आहे. दिवसा तपासणी झाली तर धूर सापडत नाही. अर्जात मुलांचा आणि अंगणवाडीचा उल्लेख हमखास करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाल्यातलं पाणी बाटलीत भरून नेलं तर अधिकाऱ्याला समजायला उपयोग होतो, पण न्यायालयात तो पुरावा धरला जात नाही. कायदेशीर नमुना अधिकाऱ्यानेच ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. म्हणून "नमुना घ्यावा" असं अर्जात लिहा. शक्य असेल तर पाच-सात घरांनी मिळून सह्या करा. भाडेकरूला एकट्याने उभं राहणं जड जातं, आणि मजुराला त्याहून.

पायरी ८: महिना झाला, उत्तर नाही

माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. मागा: कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची (चालवायच्या परवानगीची) प्रत, गेल्या वर्षभरातले तपासणी अहवाल, आणि तुमच्या अर्जावर (आवक क्रमांक लिहून) कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली. "का केलं नाही?" असं विचारू नका, माहिती अधिकारात कारणं मिळत नाहीत, कागद मिळतात. उत्तराला ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, वीस रुपये. त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ.

हातात आलेलं संमतीपत्र बारकाईने वाचा. चिमणी किती उंच हवी, सांडपाणी कुठे जायला हवं, काय बनवायची परवानगी आहे, हे सगळं त्यात असतं. प्रत्यक्षात वेगळं चालू असेल तर तुमच्या तक्रारीला आता कागदाचा आधार आहे. तीच तक्रार संमतीपत्रातल्या अटीचा क्रमांक देऊन पुन्हा करा.

तरीही हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. पहिल्यांदा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, म्हणून तारखांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. आरोग्याच्या नुकसानभरपाईसाठी मुदत पाच वर्षांची आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं. मुलाच्या नावाने अर्ज केला तर तोच पुरेसा आधार ठरतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा दूरध्वनी १५१००. जाताना शिक्का मारलेल्या प्रती, दवाखान्याचे कागद आणि संमतीपत्र तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावून न्या.